सर्व्हिस किती झाली?

माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. हळदीकुंकवाला तिच्या मैत्रिणी जमल्या की कुणी कुणाचं वय विचारत नसे. प्रश्न एकच असायचा, "तुमची सर्व्हिस किती झाली हो?" आईच्या दुय्यम सेवापुस्तकाची जागा कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी होती. नोकरीच्या सुरुवातीला तिच्या सेवेत पाच महिन्यांचा खंड पडला होता. तो 'क्षमापित' व्हावा म्हणून तिने घातलेले हेलपाटे मला आठवतात. पाच महिन्यांसाठी एवढी धडपड कशाला, असं तेव्हा वाटायचं.

त्याचं उत्तर निवृत्तिवेतनाच्या 1982 सालच्या नियमांत होतं. पेन्शन मिळण्यासाठी किमान 10 वर्षं 'अर्हताकारी सेवा' हवी. शाळेत घालवलेलं प्रत्येक वर्ष त्यात धरलं जातंच असं नाही. आईने आधी एका विनाअनुदानित शाळेत दोन वर्षं शिकवलं होतं, ती वर्षं कुठेच धरली गेली नाहीत. राजीनामा दिला तर आधीची सेवाही हातची जाते. म्हणून त्या पिढीच्या बायका आजारपणात रजा काढत, बिनपगारी राहत, पण राजीनामा देत नसत.

मी दिला. मराठीत एम.ए., बी.एड. करून 2011 मध्ये एका माध्यमिक शाळेत लागले. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर आणि नंतरची तीन वर्षं कायम. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीच. पगारातून 10 टक्के कपात आणि तेवढीच सरकारची भर, अशी अंशदायी योजना आमच्या वाट्याला आली. मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला तो याच प्रश्नावर. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या घातलेल्या माझ्या मैत्रिणींचे फोटो मी इथे आम्स्टलवेनमध्ये बसून बघत होते. माझी कपात किती जमा झाली याचा हिशेब मिळवण्यात मात्र माझ्या भारतातल्या दोन सुट्ट्या गेल्या. तीन वर्षांच्या चिठ्ठ्यांपैकी हाती लागल्या दोनच वर्षांच्या.

ऑक्टोबर 2017 मध्ये यांच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्सला आलो. तेव्हापासून मी घरीच आहे. कुणी "काय करता?" विचारलं की "सध्या काही नाही" असं म्हणायची सवय लागली. गेल्या वर्षी मंडळातल्या एका ज्येष्ठ काकूंनी सहज विचारलं, "तुझी एओडब्ल्यूची किती वर्षं झाली?" मी म्हटलं, "काकू, मी कुठे नोकरी करते?" त्या हसल्या आणि मला संगणकापुढे बसवलं.

तिथे जे कळलं ते आपल्या अनेक मैत्रिणींना माहीत नाही, म्हणून सविस्तर सांगते. एओडब्ल्यू, म्हणजे 1957 पासून चालू असलेलं इथलं सरकारी वृद्धापवेतन, नोकरीवर अवलंबून नाही. इथे राहणाऱ्या माणसाचं प्रत्येक वर्ष 2 टक्के धरलं जातं. वेतन सुरू होण्याच्या वयाआधीची 50 वर्षं भरली की पूर्ण शंभर टक्के. ते वय सध्या 67 आहे, पुढे वाढणार आहे. नवरा-बायकोला ते वेगवेगळं मिळतं, ज्याचं त्याच्या नावावर. पोळ्या लाटण्यात आणि मुलीला शाळेत सोडण्यात गेलेली माझी आठ वर्षं म्हणजे 16 टक्के. कुणाची सही नाही, सेवापुस्तक नाही.

पण 67 हेच वय धरलं तरी माझी सतरा ते तीस ही तेरा वर्षं भारतात गेली. म्हणजे 26 टक्के कमी. अशी राहिलेली वर्षं विकत घेता येतात. त्यासाठी इथला विमा सुरू झाल्यापासून 10 वर्षांच्या आत एसव्हीबीकडे अर्ज करावा लागतो. हप्ता उत्पन्नावर ठरतो. माझी मुदत ऑक्टोबर 2027 मध्ये संपते. तेवढे पैसे आत्ता घालावेत की नाही, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. मुदत माहीत असताना भांडणं आणि ती टळून गेल्यावर हळहळणं यात फरक आहे, एवढं मात्र दोघांनाही पटलंय.

आणखी दोन गोष्टी. भारतातल्या कंपनीने पाठवलेली माणसं दोन देशांमधल्या करारानुसार 60 महिन्यांपर्यंत तिकडच्याच भविष्य निर्वाह निधीत राहू शकतात. हा करार 1 डिसेंबर 2011 पासून लागू आहे. ती वर्षं इथे धरली जात नाहीत. सोबत आलेल्या जोडीदाराचं काय, हे एसव्हीबीलाच विचारून घ्यावं. आणि कायमचं परत जाताना विमा स्वखर्चाने पुढे चालू ठेवायचा असेल, तर एका वर्षाच्या आत अर्ज हवा.

मुलीच्या शाळेत मी दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला जाते. तिच्या 'यूफ', म्हणजे बाई, आठवड्यातून तीन दिवस शिकवतात. त्यांची पेन्शन शिक्षक आणि सरकारी नोकरांच्या एबीपी या फंडात साठते, पण तीन दिवसांच्याच प्रमाणात. मला मिळतो तो स्वयंसेवकाचा भत्ता, त्यातून एबीपीत काही जमत नाही. डच भाषेची परीक्षा झाली की मी सहायक शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करणार आहे. मग तेही खातं उघडेल.

परवा आईचा फोन आला. फराळाची चौकशी झाल्यावर तिला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे घरी बसलेलीपण सर्व्हिसच धरतात?"

"हो."

"बरं आहे की. पण कागद सांभाळून ठेव हं."

ठेवलेत. शाळेचा नेमणुकीचा आदेश, त्या दोन चिठ्ठ्या आणि एसव्हीबीचं पत्र आता एकाच फाइलमध्ये आहेत.