हौसेचा जमाखर्च आणि जुना महामार्ग

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. आता लोणावळ्याच्या वाटेने मावळातून शर्यतीशी संबंध नसलेले सायकलस्वारही जथ्याने जातात. त्यांत कारकून असतात, शिक्षक असतात. फ्रान्समधील संस्थेच्या नियमांनुसार भरणाऱ्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. ६०० साठी ४०. येथे क्रमांक नाहीत. मुदतीत पोहोचणे एवढेच यश.

ताशी १५ किलोमीटरचा हा वेग माफक खरा. परंतु नोकरदाराला टंचाई भासते ती वेळेची. रविवारच्या फेरीसाठी आठवडाभर पहाटेचा सराव हवा. त्या वेळी घरात पाणी कोण भरते, मुलांचा अभ्यास कोण घेते? छंदाच्या जमाखर्चात सायकलची किंमत मांडली जाते. घरच्यांचे श्रम मात्र नोंदीबाहेर राहतात.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. साहजिकच वडगाव, कामशेत, लोणावळा असा जुना महामार्गच उरतो. त्याच रस्त्याच्या कडेने कामावर जाणाऱ्याचीही सायकल चालते. हौशी स्वाराला शिरस्त्राण आणि सोबत्यांचा आधार असतो. हा मात्र एकटा असतो आणि त्याला रविवारची वाट पाहून चालत नाही. म्हणून जथ्यातील सुशिक्षितांनी आपल्या फेरीपुरता बंदोबस्त मागून थांबू नये. रस्त्याची कड सायकलींसाठी कायमची मोकळी झाली, तर तिचा पहिला लाभ रोज जाणाऱ्याला होईल. हौसेला सामाजिक मोल येते ते अशाच मागणीने.