चित्राचें मोल व चित्रकाराचा वांटा

जपानी चित्रकार होकुसाई यानें सुमारें १८३१ सालीं रचिलेल्या सागरलाटेचे लांकडी ठशांचे छाप त्या काळीं सामान्य लोकही विकत घेत. त्यांतील एक प्रत मार्च २०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलावांत सत्तावीस लक्ष साठ हजार डॉलरांस गेली. चित्रकार १८४९ सालींच निवर्तला होता. या द्रव्यांत त्याच्या कुळाचा वांटा कोठला?

हाच प्रश्न डहाणू तालुक्यांतील गंजाड गांवींही उद्भवतो. वारली सवाशिणी लग्नप्रसंगीं भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहितात. ती कला कागदाकापडावर आणून जिव्या सोमा म्हसे यांनीं जपानांतील मिथिला संग्रहालयापर्यंत नेली. २०११ सालीं ते पद्मश्री झाले. २०१८ सालीं वारले. भिंतीवरील चौकाचा लिलाव होत नाहीं. कागद मात्र हातोहात फिरतो.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५३-अ कलम येथें उपयोगी आहे. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हां विकलें गेल्यास चित्रकारास वा त्याच्या वारसांस दहा टक्क्यांपर्यंत वांटा मिळूं शकतो. मृत्यूनंतर साठ वर्षें हा अधिकार चालतो. परंतु विक्रीची वार्ताच पाड्यावर न पोंचल्यास मागणार कोण? म्हणून ज्यांच्या दिवाणखान्यांत असें चित्र आहे, त्यांनीं चित्रकाराचें नांव व पावती जपावी, आणि विकतांना त्याच्या घरीं कळवावें.