जुळलेली बेरीज

रात्रीचे साडेनऊ. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत पंख्याची घरघर आहे आणि कॅल्क्युलेटरच्या बटणांची टकटक. शेजारच्या खुर्चीतला लातूरचा मुलगा डाव्या हाताने, न बघता, आकडे मारतोय आणि उजव्या हाताने लिहितोय. सीए फायनलची परीक्षा महिन्यावर आली आहे.

तो वही माझ्याकडे सरकवतो. "ताई, जरा बघ ना. माझं जुळतंय, पण पुस्तकातलं उत्तर वेगळंय." फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये, आमच्या भाषेत एफआरमध्ये, मला एक्झम्पशन आहे, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा नाही, म्हणून असे पेच माझ्याकडे येतात.

मी प्रश्न वाचते. एका कंपनीने दुसरीचे 80 टक्के शेअर 960 लाखांना घेतलेत. दुसरीची निव्वळ मालमत्ता पुस्तकी 900 लाख, आणि यंत्रसामग्रीची किंमत 100 लाखांनी वाढवायची आहे. त्याने सरळ 1000 धरलेत. बाकीच्या भागधारकांचे 20 टक्के म्हणजे 200, गुडविल 160. खाली ताळेबंद जुळलेला, त्याखाली दोन रेघा. मी प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवते: कराचा दर 25 टक्के. वाढीव 100 लाखांवर 25 लाखांचा डिफर्ड टॅक्स बसतो. मालमत्ता 975, बाकीच्यांचे 195, गुडविल 180. तो पुन्हा बेरीज मारतो. जुळते.

"म्हणजे चुकलं तरी टॅली होतं?"

होतं. कर विसरला तर तो दोन्ही बाजूंनी विसरला जातो.

चहाला खाली उतरतो तेव्हा सांगलीची मैत्रीणही सोबत येते. फायनलच्या दोन ग्रुपांपैकी तिचा पहिला निघालाय, दुसरा राहिलाय. अमृततुल्यच्या बाकड्यावर रोजचा वाद सुरू होतो, सगळ्यात अवघड पेपर कुठला.

"एफआर," लातूरचा म्हणतो. "प्रत्येक अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये अपवाद, अपवादालाही अपवाद. वाचलेलं रात्रीत उडून जातं."

"तुमचं निदान जागेवर तरी राहतं रे," मैत्रीण म्हणते. "डायरेक्ट टॅक्सचं बघ. दर बजेटला अमेंडमेंट. 1961 चा कायदा एवढा घोकला, आता 2025 चा आला, 536 कलमांचा. 80सी म्हटलं की माझ्या बाबांनाही कळायचं. तेच आता 123." ती चहाचा घोट घेते. "वर जीएसटी आहेच."

तिचं खरं आहे. तरीही माझं मत ऑडिटलाच आहे. मागच्या वेळी मला पहिल्या ग्रुपमध्ये एफआरला 61, फायनान्शियल मॅनेजमेंटला 58 आणि ऑडिटला 37 पडले. बेरीज 156. ग्रुपला 150 लागतात, ते झाले. पण प्रत्येक पेपरला 40 हवेत, म्हणून ग्रुप गेला.

लातूरचा विचारतो, "पण ऑडिटमध्ये नेमकं अवघड काय? थिअरीच तर आहे."

मी त्याला गोदामाचं उदाहरण देते. आर्टिकलशिपमध्ये, सीएकडच्या उमेदवारीत, 31 मार्चला मी पोती मोजलीत. समज, मोजल्यावर कळलं की माल कागदावर आहे, गोदामात नाही, आणि फरक एवढा मोठा की सगळा ताळेबंदच खोटा ठरतो. तिथे प्रतिकूल मत, ॲडव्हर्स. आता समज, गोदामाला आग लागली, रजिस्टरंही जळली, मोजायला काही उरलंच नाही. माल तितकाच मोठा. तिथे ॲडव्हर्स लिहायचं नाही, डिस्क्लेमर लिहायचा. पहिल्यात चूक सापडली आहे, दुसऱ्यात पुरावाच मिळालेला नाही. मी हे दोन शब्द कितीदा एकमेकांच्या जागी लिहिलेत. आणि ते लिहून काढल्यावर खाली बेरीज मारून ताडून बघायची सोय नसते.

तो गप्प होतो. मग हळूच म्हणतो, "आणि लिहायचं इंग्रजीत."

ही गोष्ट आमच्यात फारशी कोणी बोलत नाही. पेपर इंग्रजीत द्या नाहीतर हिंदीत. तो बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलाय. आकड्यांनी त्याला कधी अडवलं नाही. गणितात 180 हे 180 असतात. ऑडिटमध्ये मात्र सगळं समजूनही 'मटेरियल', म्हणजे दखल घ्यावी एवढं मोठं, आणि 'पर्व्हेसिव्ह', म्हणजे सगळ्या हिशेबात पसरलेलं, हे दोन शब्द योग्य जागी पडले नाहीत तर मार्क जातात. हा मुलगा माझ्यापेक्षा हुशार आहे. वाक्यासाठी तो अडू नये, असं मला फार वाटतं.

"वर चल," मी म्हणते. "आगीचंच उत्तर लिही. आधी मराठीत सांग मला, काय झालंय ते."

जिना चढता चढता तो सांगायला लागतो. "माल होता की नव्हता, ते आम्हाला बघताच आलं नाही. बघायचा दुसरा मार्गही नव्हता. आणि माल एवढा मोठा, की त्याच्याशिवाय बाकीच्या हिशेबावरही बोलता येत नाही."

"म्हणून?"

"म्हणून आम्ही मत देत नाही."

खुर्चीत बसून तो कॅल्क्युलेटर बाजूला सारतो आणि कोऱ्या पानावर इंग्रजीतला पहिला शब्द लिहितो: वी.