हुकूम आणि हुकुमाची तामिली
श्वानांच्या अधिवृक्क ग्रंथी : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात ज्या रुग्णाचे वर्णन आपण वाचले, म्हणजे अहोरात्र पाण्याच्या भांड्याशी घुटमळणारा, रात्रीतून दोनतीनदा दार उघडायला लावणारा, पोट सुटलेला, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेला आणि चार पायऱ्या चढताच धापा टाकणारा असा तो उतारवयाचा कुत्रा, त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल या अंतःस्रावाचा अतिरेक झाला असावा, असा तर्क अनुभवी पशुवैद्य त्याला नुसते पाहूनच करील. परंतु तर्क म्हणजे निदान नव्हे. आणि अतिरेक झाला आहे हे सिद्ध झाल्यावरही तो कोणी केला, याचा तपास शिल्लक राहतोच. प्रस्तुत लेखांक त्या तपासाविषयी आहे.

अधिवृक्क ग्रंथी दोन असतात, प्रत्येक मूत्रपिंडाच्या शिरोभागाजवळ एकेक. कुत्र्याच्या डाव्या ग्रंथीचा घाट बराचसा भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो. ग्रंथीचा बाहेरचा थर तो बाह्यक आणि आतला गाभा तो मध्यक. कॉर्टिसॉल निर्माण होते ते बाह्यकात, परंतु स्वेच्छेने नव्हे. मेंदूच्या तळाशी वसलेली पोष ग्रंथी एसीटीएच नावाचा उद्दीपक स्राव रक्तात सोडते, त्या आज्ञेनुसार बाह्यक कॉर्टिसॉल तयार करते, आणि कॉर्टिसॉल पुरेसे झाल्याची वर्दी रक्तावाटेच वर पोचली, की पोष ग्रंथी आपला हात आखडता घेते. जिल्ह्याच्या कचेरीतून हुकूम सुटावा, तालुक्याच्या मामलेदाराने त्याची तामिली करावी, आणि वसुलाचा आकडा वर कळताच पुढचा हुकूम थांबावा, असा हा बंदोबस्त आहे.

तो दोन रीतींनी मोडतो. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९३२ मध्ये मानवी रुग्णांच्या बाबतीत दाखवून दिल्याप्रमाणे पोष ग्रंथीतच बारीकशी गाठ होऊन हुकुमांचा वर्षाव सुरू होतो. कुत्र्यांमध्ये हा प्रकार शेकडा ८० ते ८५ इतका आढळतो. उरलेल्यांत बहुतेक वेळा अधिवृक्क ग्रंथीवरच गाठ असते, कधी सौम्य, कधी कर्कजन्य. येथे मामलेदारच बेबंद होऊन हुकुमावाचून वसूल करू लागतो. वर वसूल उदंड दिसतो म्हणून कचेरी हुकूम धाडणे बंद करते, आणि हुकूम येईनासे झाल्यामुळे शेजारच्या तालुक्याचा निरपराध मामलेदार रिकामा बसून सुकत जातो; म्हणजे दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी आक्रसते. वाचकांनी ही व्यवस्था ध्यानात ठेवावी, कारण पुढील प्रत्येक परीक्षेचा अर्थ तिच्यातूनच निघतो.

आरंभ साध्या तपासण्यांनी होतो. रक्तात न्यूट्रोफिल पेशी वाढलेल्या, लिम्फोसाइट व इओसिनोफिल घटलेल्या, कोलेस्टेरॉल चढलेले, मूत्र पाण्यासारखे पातळ, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या यकृतातील एंझाइमाचा आकडा कधीकधी मर्यादेच्या कितीतरी पट. हा शेवटचा आकडा पाहून यकृतच नासले, अशी समजूत करून घेणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. वस्तुतः स्टेरॉइडांच्या प्रभावाने कुत्र्याचे यकृत या एंझाइमाचा एक स्वतंत्र प्रकारच तयार करते; तो त्याच्या जातीचा विशेष आहे. पण अपस्माराच्या औषधानेही हाच आकडा चढतो, म्हणून संशयापलीकडे त्याची किंमत नाही. येथेच मालकाला बारकाईने विचारावे, की कानात कोणते थेंब घालता, खाजेला कोणते मलम लावता. कारण त्यांतल्या स्टेरॉइडनेही हुबेहूब हेच सोंग उभे राहते, आणि तशा रुग्णाच्या दोन्ही ग्रंथी मात्र निजलेल्या असतात.

यापुढची पायरी मूत्रातील कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन यांच्या प्रमाणाची. हे मूत्र सकाळी, घरीच धरावे. दवाखान्याच्या फेरीनंतर एकदोन दिवस जाऊ द्यावे, कारण भीतीनेही कॉर्टिसॉल चढते. प्रमाण प्राकृत आले तर व्याधी बहुधा नाही, एवढे समाधान मिळते. वाढलेले आले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कोणताही दुसरा गंभीर आजार ते वाढवू शकतो.

खरी उलटतपासणी होते ती डेक्सामेथासोनच्या अल्पमात्रेने. वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम औषध शिरेतून द्यायचे, आणि रक्त तीनदा घ्यायचे : औषधापूर्वी, चार तासांनी आणि आठ तासांनी. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्याच कुळातले असल्यामुळे पोष ग्रंथीला वसूल पुरा झाल्याचा भास होतो. पण कॉर्टिसॉल मोजणाऱ्या रसायनांना ते कॉर्टिसॉल म्हणून दिसत नाही, म्हणून मोजमापात घोटाळा होत नाही. निरोगी कुत्र्यात आठ तासांनंतरही कॉर्टिसॉल दबलेलेच राहते. ते दर डेसिलिटरला सुमारे १.४ मायक्रोग्रॅमच्या वर आले तर व्याधीस पुष्टी मिळते. चौथ्या तासाला दबून आठव्या तासाला पुन्हा उसळले, तर दोष पोष ग्रंथीचा, कारण तेथे आज्ञेची साखळी अजून शाबूत आहे. अधिवृक्कावरची गाठ मात्र मुळीच दबत नाही. दबणार तरी कशी? तिच्या बाबतीत वरची कचेरी आधीच बंद आहे. बंद कचेरीला पुन्हा बंद करून खाली काय फरक पडणार?

परंतु येथे एक खाचखळगा आहे आणि त्यात भले भले पाय घालतात. पोष ग्रंथीच्या पुष्कळ रुग्णांतही कॉर्टिसॉल दबत नाही. सबब दबले तर अधिवृक्काची गाठ नाही असे म्हणता येते. न दबले तर ती आहेच, असे म्हणता येत नाही. दुसरी प्रसिद्ध परीक्षा, कृत्रिम एसीटीएच टोचून तासाभराने कॉर्टिसॉल मोजण्याची, औषधी स्टेरॉइडने निजलेल्या ग्रंथी ओळखण्यास उत्तम. पण अधिवृक्काच्या गाठी असलेल्या शंभर कुत्र्यांतली चाळिसांच्या आसपास तिच्या हातून निसटतात, कारण जो मामलेदार हुकुमाची पर्वाच करीत नाही, तो नव्या हुकुमाने फारसा हलत नाही.

तेव्हा प्रश्न सरळ कचेरीलाच विचारावा : हुकूम सुटतात की नाही? म्हणजे रक्तातील एसीटीएच मोजावे. ते मोजता येण्याजोगेही नसेल तर गाठ अधिवृक्कावर. प्राकृत किंवा वाढलेले असेल तर पोष ग्रंथीत. माझ्या मते साऱ्या परीक्षांत युक्तीने ही सर्वांत सुंदर आहे, आणि हाताळणीत सर्वांत नाजूक.

त्या नाजूकपणाचा धडा मला एका चैत्रात मिळाला. निवृत्त शिक्षक असलेल्या एका गृहस्थांची नऊ वर्षांची डॅक्सहुंड कुत्री माझ्याकडे होती. कॉर्टिसॉल दबत नव्हते, आणि एका प्रयोगशाळेकडून आलेल्या अहवालात एसीटीएच जवळजवळ शून्य होते. अहवाल वाचून मास्तरांचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, म्हणजे पोट उघडावे लागणार?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "जरा थांबा, मास्तर. हा आकडा सोनोग्राफीशी जुळत नाही." कारण सोनोग्राफीत दोन्ही ग्रंथी सारख्याच पुष्ट दिसत होत्या, एकीवर गाठ असती तर दुसरी सुकलेली दिसायला हवी होती. चौकशीअंती कळले, की नमुना काचेच्या नळीत, बर्फावाचून, भर दुपारी अर्धा दिवस पडून होता. एसीटीएच हा अत्यंत अल्पायुषी रेणू. तो काचेला चिकटतो आणि उष्णतेत रक्तातलीच एंझाइमे त्याचे तुकडे करतात. कचेरीतून खलिता सुटला होता, वाटेत जासूदच गारद झाला होता. दुसऱ्या खेपेस ईडीटीए घातलेल्या प्लास्टिकच्या नळीत रक्त घेतले, तत्क्षणी थंड करून फिरवले, वरचा द्रव गोठवून बर्फात धाडला. एसीटीएच प्राकृत मर्यादेच्या वरच्या टोकाला आले. दोष पोष ग्रंथीचा होता. शस्त्रक्रिया टळली आणि ती कुत्री पुढे तोंडावाटे घ्यायच्या औषधावर राहिली. मास्तरांचा तो उतरलेला चेहरा मी विसरलो नाही. तेव्हापासून शून्य आकडा दिसला, की रुग्णाआधी मी नळीची चौकशी करतो.

अधिवृक्काच्या सर्वच गाठी कॉर्टिसॉलच्या नसतात. मध्यकातून उद्भवणारी फिओक्रोमोसायटोमा ही गाठ ॲड्रिनॅलीन व नॉरॲड्रिनॅलीन लहरीप्रमाणे ओतते. एका क्षणी रक्तदाब भयंकर, पुढच्या तासाला सर्व शांत. अशा लहरी गुन्हेगाराला प्रत्यक्ष कृत्यात पकडणे दुष्कर, म्हणून तो मागे ठेवतो तो केरकचरा मोजतात. गाठीच्या आत त्या स्रावांचे विघटन अखंड चालू असते, आणि त्यातून निपजणारा नॉर्मेटानेफ्रिन हा पदार्थ मूत्रात उतरतो. क्रिएटिनिनशी त्याचे प्रमाण काढले असता कुत्र्यांत निदानास मोठी मदत होते. हेही मूत्र घरीच, निवांत वेळी धरावे. याखेरीज नसबंदी झालेल्या कुत्र्यांत इन्हिबिन या स्रावाची मोजणी उपयोगी पडते : बाह्यकाच्या गाठीत तो सामान्यतः वाढलेला सापडतो, मध्यकाच्या गाठीत सापडत नाही.

हा भेद शस्त्रक्रियेच्या आधी ठरणे अत्यावश्यक आहे, कारण मध्यकाची गाठ असेल तर फिनॉक्सिबेन्झामिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध साधारण दोन आठवडे देऊन मगच भूल द्यावी लागते. तशी तयारी नसता शल्यकाचे बोट गाठीला लागताच रक्तदाब उसळून प्राणी टेबलावरच दगावू शकतो. हे औषध नॉर्मेटानेफ्रिनच्या आकड्यात ढवळाढवळ करते, म्हणून त्याची पहिली गोळी देण्यापूर्वीच तपासणीचे मूत्र धरून, उजेडापासून झाकून, शीतपेटीत ठेवावे.