जिने संसारालाच सेवा मानले

नाताळ आला की ख्रिस्ती बांधवांच्या दारी चांदण्यांचे कंदील लागतात आणि फराळाची ताटे शेजारच्या हिंदू घरांत पोहोचतात. दिवाळीत गेलेले ताट असे भरून परत येते. महाराष्ट्राच्या या जुन्या शेजारधर्माचे स्मरण करताना एका माउलीचे नाव आमच्या मनात सहज येते. ते नाव म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

१८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून आत यायची नाही. १८८० साली नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. पती विद्वान, कवी आणि मोठ्या मनाचे. परंतु हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे होणारे. घरी नसलेला पसारा सांभाळण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. जी अक्षरओळख झाली, ती पतीमुळेच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि या संसारावर जणू वीजच कोसळली. पदरी लहानगा दत्तू. एकीकडे पती, दुसरीकडे जन्मापासूनचा धर्म आणि सारे गणगोत. त्या कठीण काळी त्यांना आधार दिला तो हिंदू नातलगांनीच. काही काळ त्या पंढरपुरास, विठुरायाच्या सावलीत राहिल्या. पुढे पतीजवळ गेल्या, तरी आपला स्वयंपाक आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. टिळकांनीही त्यांच्यावर आपले मत लादले नाही.

धर्मांतर हा विषय आमच्या भाविक वाचकांस नाजूक वाटेल, हे आम्ही जाणतो. त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु लक्ष्मीबाईंनी जे केले, ते केवळ पतीमागे जायचे म्हणून केले नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने निर्माण केलेली नाही, ती माणसाने केली आहे, हे त्यांना आधी स्वतःच्या विचाराने पटले. मगच त्यांनी सोवळे सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मात्र ज्या आप्तांपासून त्या दुरावल्या, त्यांच्याविषयी त्यांच्या लेखणीतून कडवटपणा कधी उतरला नाही.

पुढे तेव्हाच्या अहमदनगरास दुष्काळाने पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करण्यासही त्या मागे सरल्या नाहीत. एके काळी ज्यांना परक्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच हातांनी परक्यांची लेकरे न्हाऊमाखू घातली. याहून मोठी साधना ती कोणती?

१९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. सुरुवातीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. शाळा न पाहिलेल्या या गृहिणीने त्यापुढचे बहुतेक अध्याय रचून ते पूर्णत्वाकडे नेले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी साहित्यास एक अमोल आत्मचरित्र लाभले. दारिद्र्य, विरह, उपेक्षा हे सारे त्यात आहे. पण सांगण्याची रीत अशी हसरी की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत आणि ओठांवर हसूही उमटावे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी नाशिकला त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या गोदातीरी जन्म, त्याच गोदातीरी अखेर. घर, चर्च आणि समाज यांत त्यांनी कधी भिंत घातली नाही. चुलीपाशी जी माया, तीच रोग्याच्या उशाशी.

आपल्या देवघरातील समई आणि शेजारच्या घरातील मेणबत्ती यांची ज्योत एकाच जातीची असते. आज शेजाऱ्याचे ताट घरी आले तर ते प्रेमाने स्वीकारावे, आणि सवड होईल तेव्हा घरातील लेकीसुनांसह 'स्मृतिचित्रे' वाचावी, एवढीच आमची विनंती.