‘आधी बरा होऊ दे, मग कामाचं बघू’

नाकाडोंगरीसारख्या गावात काम म्हणजे नोकरी नव्हे. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि ज्याला जमले त्याची तुमसर तालुक्यातल्याच डोंगरी बुजुर्ग किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत हजेरी. यातले काहीही अंगमेहनतीशिवाय होत नाही. म्हणून ज्याचा हात निकामी झाला, ज्याला सिकलसेलच्या कळा येतात किंवा ज्याची समज वयाच्या मागे राहिली, त्याचा निकाल गाव एका वाक्यात लावून मोकळे होते: आधी बरा होऊ दे, मग कामाचं बघू. हे वाक्य बहुधा मायेपोटीच येते, आणि म्हणूनच त्याला कोणी आव्हान देत नाही. पण तयारी आधी आणि काम नंतर, हे त्यातले गृहीतक चुकीचे आहे. जे आजार किंवा व्यंग जन्मभर सोबत राहणार, त्यांच्या बाबतीत तर ‘मग’ कधी उगवतच नाही.

या गृहीतकाला बळ मिळते ते प्रमाणपत्रावरच्या आकड्याने. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व मान्य आहे. त्यात विदर्भाच्या परिचयाचा सिकलसेल आहे, कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत आणि मानसिक आजारही आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागते. लोक त्याचा अर्थ लावतात की या माणसाकडून साठ टक्केच काम होईल. हा आकडा शरीराच्या हानीचा आहे, कामाचा नाही. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाला चिखलातून नांगरामागे चालणे अवघड, पण शिलाई यंत्रावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर त्याच्या पायाची कोणाला आठवणही होणार नाही. उलट टक्केवारी कमी असूनही हाताची बोटे नीट न मिटणाऱ्याला विळा धरता येत नाही. काय जमते आणि काय जमत नाही हे काम समोर ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि कामाआधीच्या, म्हणजे पूर्वव्यावसायिक, प्रशिक्षणाचा गाभा तोच आहे. मेणबत्त्या, पाकिटे, दिवाळीच्या पणत्या ही त्याची ओळख होऊन बसली, हा दुसरा गैरसमज. पणती हे निमित्त असते. तासभर एका जागी बसता येते का, सांगितलेल्या तीन गोष्टी क्रमाने होतात का, दमल्यावर ‘थांबतो’ असे सांगता येते का, पैसे मोजून घेता येतात का, हे तिथे पाहायचे आणि वाढवायचे असते. पणत्याच मोजत बसलो तर शिकणारा वर्षानुवर्षे पणत्याच रंगवतो.

काम आजाराला वाढवते, या भीतीचा निकाल कुष्ठरोगाने फार पूर्वी लावला. बोटे रोगाने झडतात, असे सगळे मानत होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामातून दिसले की बधिर हाताला चटके आणि जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात आणि त्यातून बोटे जातात. मग उपाय काम बंद करण्याचा नव्हे. अवजाराची मूठ जाड करायची, तिला कापड गुंडाळायचे आणि रोज संध्याकाळी तळहात नीट तपासायचे. वरोऱ्याजवळ 1949 मध्ये बाबा आमट्यांनी उभारलेले आनंदवन याच विश्वासावर उभे राहिले, तेही खडकाळ जमिनीवर. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले, तेव्हा काम हाच उपचाराचा भाग ही दृष्टी वैद्यकीय शिक्षणात आली. अमेरिकेत 1970च्या दशकात मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना सायकलचा अनेक सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. काम लहान लहान पायऱ्यांत फोडायचे आणि एक पायरी जमली नाही तर शिकवायची रीत बदलायची, एवढेच त्यांचे तंत्र होते.

यापुढचा पुरावा आणखी अडचणीचा आहे, कारण तो प्रशिक्षण केंद्रांच्याच सवयीला धक्का देतो. तीव्र मानसिक आजार असलेल्या 312 जणांवर युरोपातल्या सहा केंद्रांत झालेला अभ्यास 2007 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. अर्ध्यांना नेहमीच्या पद्धतीने आधी प्रशिक्षण दिले, अर्ध्यांना थेट खऱ्या नोकरीत घालून तिथेच आधार दिला. पहिल्या गटात 28 टक्के लोकांनी किमान एक दिवस तरी पगारी काम केले, दुसऱ्यात 55 टक्क्यांनी. शाळकरी वयाच्या बौद्धिक अपंग मुलांना यावरून पूर्वतयारी नकोच, असा अर्थ निघत नाही. पण काम पाहिलेल्या, गमावलेल्या प्रौढाला वर्षभर तयारीत अडकवणे त्याच्या हिताचे नाही, हे मात्र निघते.

यावर आक्षेप येणार: हे शहरांचे झाले, नाकाडोंगरीत कुठला मालक आणि कुठला आधार देणारा तज्ज्ञ? आक्षेप अर्धा खरा आहे. तज्ज्ञ नागपूरला, आणि जायचे म्हणजे एक रोजी बुडते. पण गावाजवळ एक गोष्ट आहे जी शहरातल्या समुपदेशकाकडे नसते. इथे प्रत्येक काम सगळ्यांना आतून ठाऊक असते. रोवणीच घ्या. बाहेरच्याला ते एक काम दिसते. गावाला ठाऊक असते की परे काढणे वेगळे, पेंढ्या बांधणे वेगळे, बांधीत उभे राहून लावणे वेगळे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, अंगात पाणी कमी पडणे आणि अतिश्रम यांनी कळा उठू शकतात. म्हणजे पावसात, गार चिखलात दिवसभर वाकून उभे राहणे त्याला घातक, पण धान मोजणे, पोत्यांचा हिशेब, गावातली छोटी दुरुस्ती नाही. शिवाय दोन कळांच्या मधले दिवस तो कामाचा असतो. अडते ते हजेरीपाशी. ठेक्याने रोवणी करणारी टोळी कधी येईल ते न सांगू शकणारा गडी घेत नाही, आणि टोळीचाही नाइलाज असतो. म्हणून त्याला हवे ते काम, जे दोन दिवस थांबले तरी बिघडत नाही. (एएस पॅटर्न, म्हणजे केवळ वाहक असणाऱ्याला बहुतेक वेळा यातले काहीच लागू नाही. तरी त्यालाही ‘आजारी’ म्हणून बाजूला बसवले जाते.)

खाणीची गोष्ट वेगळी. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेवर होणारी विषबाधा, जिच्यात चाल अडखळते आणि हालचाली मंदावतात, 1952च्या खाण कायद्याखाली अधिसूचित रोग ठरवण्यात आली होती. अशा माणसाला पुन्हा त्याच धुळीत पाठवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम 20 सांगते की सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला, आणि त्यात सरकारी कंपन्याही आल्या, कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यायचे, ते नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचे. अनेक कुटुंबे हे माहीत नसल्याने राजीनामा देऊन मोकळी होतात. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या मजुराला आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावर राबणाऱ्याला या कलमाची सावली मिळत नाही. रोजगार हमीच्या मार्गदर्शक सूचनांत अपंगांसाठी पाणी पाजणे, मजुरांची मुले सांभाळणे, रोपांना पाणी घालणे अशी कामे, तीही पूर्ण मजुरीवर, नेमून दिली होती. अशी कामे मागावी लागतात. मागताना घरचेच अडवतात, कारण निराधार अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि कमावता दिसला तर नाव कटेल ही धास्ती असते. या धास्तीला गैरसमज म्हणून झटकता येत नाही. हंगामी, कधी मिळणारी कधी न मिळणारी मजुरी पकडायची आणि महिन्याला ठरलेले पैसे सोडायचे, हा हिशेब कोणतेही शहाणे घर नाकारील. ती मर्यादा हळूहळू उतरणारी ठेवली, कामाला लागल्यावरही काही काळ अनुदान चालू राहिले, तर त्याच घरातून कामाचा अर्ज येईल.