'लागणे' आणि 'सेट' : एक क्रियापद, अनेक अर्थ

अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. येथील रोपवाटिकांत जंबेरीच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा बांधतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देऊन त्यात डोळा बसवतात. दोहोंच्या सालीखालचा वाढणाऱ्या पेशींचा थर एकमेकांना भिडला, की नव्या पेशी तयार होऊन जोड भरून येतो. मग आपण म्हणतो, 'कलम लागले'. पण घरी आजोबांचा 'डोळा लागला' म्हणजे त्यांना झोप आली! क्रियापद एकच, मग अर्थ इतके वेगळे कसे?

'लागणे' हे संस्कृत 'लग्' या धातूपासून आले. त्याचा मूळ अर्थ चिकटणे, जोडले जाणे. कलम लागते ते याच अर्थाने. पायाला दगडाचा स्पर्श झाला, की ठेच लागते. चालता चालता वाटेत गाव लागते. बोअर खोदताना पाणी लागते. कामाला जे जोडलेले असते ते आवश्यक ठरते, म्हणून वेळ लागतो, पैसे लागतात. आवश्यकतेच्या पुढची पायरी सक्तीची: 'जावे लागते'; आपल्या वऱ्हाडीत 'मले जा लागते'. 'लग्न' हा शब्दही 'लग्'पासूनच झाला. त्याचा अर्थ 'जोडलेले'. म्हणजे 'लग्न लागले' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो.

इंग्रजीत असाच पसारा 'सेट' या क्रियापदाचा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकले. 'सिट' म्हणजे बसणे, तर 'सेट' म्हणजे बसवणे. आपल्या 'लागणे' आणि 'लावणे' यांच्यासारखीच ही जोडी. बसवलेली वस्तू स्थिर होते, म्हणून सिमेंट सेट होते, दही सेट होते. फुलाचे फळ धरले, की फळही सेट होते. सूर्य खाली जाऊन जणू बसतो, तोही सेट होतो. या शब्दाचे मूळ आपल्या 'सद्' या धातूशी नाते सांगते. 'सदन' आणि 'संसद' हे शब्द त्याच 'सद्'चे. म्हणजे 'सेट' आणि 'संसद' एकाच घराण्यातले!

मात्र गणितातला 'सेट', म्हणजे संच, याची कुळकथा वेगळी आहे. समूह या अर्थाचा हा शब्द 'अनुयायांचा गट' अशा अर्थाच्या लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. उच्चार सारखा असल्याने पुढे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. तेव्हा सर्व अर्थांना एकच मूळ असेल, असे धरून चालू नये.

शिक्षकांच्या दृष्टीने यात महत्त्वाचे काय? 'सेट म्हणजे मावळणे' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातील सिमेंटच्या वाक्याशी अडखळतो. विषय त्याला समजलेला असतो. अडतो तो शब्दापाशी. पंधरा अर्थांची यादी दिल्याने ही अडचण सुटत नाही. 'बसवणे, स्थिर होणे' हा गाभा सांगितला, तर बरेच अर्थ संदर्भावरून त्याचे त्यालाच लावता येतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. फळ्यावर 'लागणे' लिहा आणि मुलांकडून वाक्ये घ्या. भूक, आग, नंबर, निकाल, दृष्ट, कुलूप अशी वाक्ये भराभर येतील. ती मुलांनाच गटांत मांडू द्या: स्पर्शाची, गरजेची, आरंभाची ('पाऊस पडू लागला'). कोणत्याच गटात न बसणारी वाक्ये वेगळी ठेवा. चर्चा त्यांवरच रंगेल. मग 'सेट'ची वाक्ये द्या. गजर 'लावतात' आणि दही 'लागते', तेथे दोन्ही भाषा जुळतात. सूर्य मात्र आपल्याकडे 'लागत' नाही, मावळतो. हा फरक मुलांनी स्वतः शोधला, की शब्दकोश कसा वाचायचा हे वेगळे शिकवावे लागणार नाही.